वापरकर्ते : एक

माझे कान सरकारी आहेत, म्हणजे फुकट मिळालेले. धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारू नये म्हणतात. मी विचारलं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांच्या घरात माझा जन्म. भोपळा कापणारे वेगळे, लाकूड घडवणारे वेगळे, आणि माझ्याकडे काम होतं जवारी काढायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची तार एका घोडीवरून जाते. घोडीचा माथा बघायला सपाट, पण तो सपाट नसतो, त्याला केसभर उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि एका सुराच्या पोटातून बाकीचे बारीक सूर निघत राहतात, चांगले सात-आठ सेकंद. त्या घुमण्याला जवारी म्हणतात. कानशीनं माथा घासायचा, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. एकेका तंबोऱ्याला दोन दोन दिवस लागतात. हातापेक्षा कानाचं काम जास्त.

साठाव्या वर्षी मला ताप आला. जीव वाचवणारी इंजेक्शनं दिली, त्यांनी जीव वाचवला आणि कान नेले. सौदा वाईट नाही, असं लोक म्हणाले. लोकांना म्हणायला काय जातं? पुढची अकरा वर्षं मी भोपळ्यांना पॉलिश करत बसलो. सकाळी दोन पेपर वाचायचे आणि मग दिवसभर भोपळा घासायचा. माझी बायको हलीमा जेवायची वेळ झाली की मागून येऊन खांद्यावर दोन टिचक्या मारायची. एरवी दुपारभर माझ्यामागे चटईवर भाजी निवडत बसलेली असायची. मी वळलो की तिचे हलणारे ओठ थांबायचे. मला वाटायचं, अल्लाचं नाव घेत असेल.

दोन हजार एकेचाळीस साली सरकारी रुग्णालयात माझ्या कानामागे चिप बसवली आणि आतल्या शंखात चोवीस केसाएवढ्या तारा सोडल्या. एकाच कानात. दुसऱ्या कानाची शीर वाळून गेली होती. बाहेर शेंगेएवढं यंत्र. ते आवाजाचे चोवीस तुकडे करतं आणि एकेक तुकडा एकेका तारेला वाटून देतं. कुठल्या तारेचा काय अर्थ, ते मेंदू हळूहळू शिकतो. पहिले दोन महिने सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलत होती. मग एके दिवशी दूधवाला "चाचा, पातेलं" म्हणाला आणि मला चक्क "चाचा, पातेलं" असंच ऐकू आलं. मी दारातच रडलो. दूधवाल्याला वाटलं, घरात कोणी गेलं.

ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव 'मोकळा कान'. ते कोणाच्या मालकीचं नाही. जगभरातल्या हौशी, हुशार माणसांनी मिळून लिहिलेलं. कोणीही उघडून बघावं, बदलावं, वाटावं. एखाद्याला बाजारात बायकोचं बोलणं कळलं नाही तर तो तसं कळवतो, ब्राझीलमधली कोणी बाई दुरुस्ती करते, आणि गुरुवारी सकाळी ती दुरुस्ती मिरजेत माझ्या कानात येऊन बसते. मोबाईलवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'वापरकर्ते : ४१ लाख १२ हजार'. गुरुवारी चहा पिताना मी तो आकडा बघायचो. एवढी गर्दी आपल्याबरोबर आहे, याचं बरं वाटायचं.

चौथ्या महिन्यात ओवी तंबोरा घेऊन आली. ओवी देशिंगकर ही रुग्णालयात माझ्या कानाची देखभाल करणारी श्रवणतज्ज्ञ. दिवसा बहिऱ्यांची यंत्रं लावायची आणि संध्याकाळी मंजिरीताईंकडे गाणं शिकायची.

"ताईंचा तंबोरा आहे, चाचा. जवारी बसलीय, पूर्वीसारखा घुमत नाही. त्या म्हणाल्या, दस्तगीरचाचांना कान आलेत ना, मग दुसऱ्या कोणाकडे देऊ नकोस."

मी गवसणी काढली आणि उभाच राहिलो. अब्बांनी केलेला तंबोरा. मी नऊ वर्षांचा असताना माझ्यादेखत केलेला. घोडी सांबरशिंगाची. तसं शिंग आता कायद्यानं मिळत नाही आणि मिळूही नये.

त्याच दुपारी कामाला बसलो. तार छेडली. पहिला ठोका छान आला आणि मोजून दोन सेकंदांत सूर विझला. थोडं घासलं, तार चढवली, छेडली. पुन्हा तेच. हलीमा मागं लसूण सोलत होती.

"चांगलं वाजतंय की," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो, आणि आणखी घासलं.

तीन दिवस घासत होतो. हलीमा पुन्हा बोलली नाही. चौथ्या दिवशी बोट फिरवून बघितलं तर माथ्यावर खळगा पडलेला. अठ्ठेचाळीस वर्षं जवारी काढलेल्या माणसानं अब्बांची घोडी खाऊन टाकली होती. ओवीनं येऊन तार छेडली आणि तिचा चेहरा उतरला. सुतळीवर पत्रा घासावा तसा आवाज येत होता म्हणे. मला तोही धड ऐकू येत नव्हता.

"चाचा, आत्ता वर पंखा चालू आहे. ऐकू येतोय?" तिनं विचारलं.

मी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता. "नाही."

"येणारच नाही. जो आवाज बराच वेळ बदलत नाही तो निरुपयोगी, असं 'मोकळा कान' धरून चालतो. पंखा, मोटार, मिक्सर. दोन सेकंद बघतो आणि पुसून टाकतो. माणसाचं बोलणं सारखं बदलत असतं, म्हणून ते ठेवतो. एकेचाळीस लाख लोकांना तेच हवं असतं."

"आणि तंबोरा?"

"त्याच्या लेखी तंबोरा म्हणजे पंखा."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. जवारी पहिल्याच दुपारी, थोडं घासल्यावर ठीक झाली होती. माझ्या यंत्रानं ती पुसली, मी ती शोधत बसलो आणि शोधता शोधता घोडी संपवली. घरात एका माणसाला हे ऐकू येत होतं आणि त्या माणसाला मी गप्प केलं होतं.

पंधरा दिवसांनी ओवीनं रुग्णालयात बोलावलं. तिनं दार लावून घेतलं, हे माझ्या लक्षात आहे.

"मी तुमच्यापुरती वेगळी आवृत्ती केलीय, चाचा. सॉफ्टवेअर मोकळं आहे, त्यामुळं बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. पण आधी सगळं ऐकून घ्या. नुसतं पुसणं बंद करून भागत नाही, ते मी करून बघितलं. चोवीसपैकी एकवीस तारा बोलण्यासाठी बांधलेल्या आहेत. जवारीचे वरचे बारीक सूर उरलेल्या तीन तारांत कोंबले जातात आणि त्यांची खिचडी होते. म्हणून मी चोवीसच्या चोवीस जवारीसाठी बांधल्यात."

"आणि बोलणं?"

"आवाज येईल. शब्द येणार नाहीत."

"मग एक बटण ठेव की. कामाला बसलो की इकडं, उठलो की तिकडं."

"यंत्राला बटण ठेवता येतं. मेंदूला कुठून आणू? सगळ्या तारांचे अर्थ पुरते शिकायला त्याला आठ महिने लागतात. रोज अर्थ बदलत राहिला तर तो दोन्ही विसरतो. तुमच्या वयाला तो एकच काहीतरी धड शिकेल."

"परत फिरायचं म्हटलं तर?"

"यंत्र परत फिरेल. तुम्ही फिराल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. ही आवृत्ती मूळ सॉफ्टवेअरपासून तुटणार. गुरुवारच्या दुरुस्त्या मला मिळणार नाहीत, कारण त्या बोलण्याच्या असतात. काही बिघडलं तर ओवीच बघणार, ती आहे तोवर. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. वर लिहिलं होतं 'दस्तगीर', आणि खाली 'वापरकर्ते : ०'.

"तुम्ही घेतलीत की एक होईल," ती म्हणाली. "घाई नाही. घरी बोला."

घरी बोला! घरी काय बोलणं होतं, ते बघावं म्हणून मी एक वही केली. बुधवारी दिवसभर मला कोण काय बोललं ते लिहून काढलं. दूधवाला म्हणाला, उद्या उशीर होईल. शेजारच्या बागवानानं विचारलं, पाणी आलं का. एका बाईनं फोनवर मला माझंच नाव घेऊन विमा घेता का विचारलं. हलीमाची नऊ वाक्यं. त्यातली चार चहाची, दोन गॅसची, एक मांजराची, आणि दोन वेळा "काय न्हाय". रविवारी पुण्याहून इम्तियाजचा फोन आला. "अब्बा, तब्येत? औषध घेताय ना? अम्मीकडे द्या." अम्मीशी तो वीस मिनिटं बोलला. मी शेजारी बसून तिचं "हां" आणि "अरे देवा" ऐकलं.

बहिरा होतो तेव्हा मला वाटायचं, भिंतीपलीकडं केवढी बोलणी चालली असतील! भिंत पाडली तर पलीकडं मीठ-मिरची आणि औषधाची वेळ. हलीमा तर पूर्वीपेक्षा गप्प झाली होती. टिचक्या मारायचीही थांबली होती. आता आतूनच "जेवायला" म्हणून हाक मारायची. मी इतका एकटा अकरा वर्षांच्या बहिरेपणात नव्हतो. हे कोणाला सांगायचं? ज्यानं कान फुकट दिले त्या सरकारला?

आठव्या दिवशी मी ओवीला हो कळवलं. सोमवार ठरला. शनिवारी दुपारी हलीमा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी काम ठेवलं आणि तिच्यासमोर चटईवर बसलो.

"सोमवारी कान बदलणार. मग तुझं बोलणं कळायचं नाही मला," मी म्हणालो. "काही बोलायचं असलं तर बोल की आत्ता."

तिनं शेंग मोडली, शीर काढली. "मीठ संपलंय," म्हणाली.

"एवढंच?"

"मग काय बोलू? असं समोर बसून बोल म्हणल्यावर काय सुचतंय व्हय?"

मी उठायला लागलो. तेव्हा ती शेंगांकडं बघतच म्हणाली, "तुमाला ऐकू येत नव्हतं तवा मी लई बोलायचे."

"कोणाशी?"

"तुमच्या पाठीशी. रोज दुपारी. तुमी भोपळा घासत बसायचा आन् मी मागं बसून बोलायचे. माझ्या आईचं, इम्तियाजच्या बायकोचं, इम्तियाजच्या आदी गेलेल्या पोरीचं. तुमचंबी बोलायचे. लई वंगाळ बोलायचे कदी कदी." ती जराशी हसली. "तुमी मधी तोंड घालत नव्हता. 'तुला काय कळतंय' म्हणत नव्हता. कुणीतरी ऐकून घेतंय असं वाटायचं बगा."

"आणि कान आल्यावर का थांबलीस?"

"कान आल्यावर तुमी ऐकायला लागलासा."

आमची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली होती. पंचेचाळीस वर्षांत आम्ही तिच्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. म्हणजे मी बोललो नव्हतो. हलीमा माझ्या पाठीशी बोलत होती, दोन हात अंतरावरून, आणि मी भोपळ्याला चकाकी आणत होतो.

"काय बोलायचीस तिच्याबद्दल?" मी विचारलं.

"आता कुठं आठवतंय." ती आतल्या दाराकडं बघू लागली. डोळ्यांतून पाणी आलं नाही, पण हातातली शेंग तशीच राहिली.

मला स्वतःची लाज वाटली. "नको घेऊ का ते नवं? राहू असाच? मी मधी बोलणार नाही. शपथ घेतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझी शपथ तिनं आधीही ऐकली असावी. "घ्या तुमी. अब्बांचा तंबोरा मुका पडलाय, ते बरं दिसतंय व्हय? आन् तुमाला कळंनासं झालं, तर मलाबी बोलाया येईल."

इथं मला मोठेपणा घ्यायचा नाही. ती आवृत्ती मी हलीमासाठी घेतली नाही. मला माझा सूर हवा होता, म्हणून घेतली. तिनं परवानगी दिली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याचीही लाज वाटली. दोन्ही खरं आहे.

सोमवारी ओवीनं वायर लावली, दहा मिनिटांत काढली. शून्याचा एक झाला. तिनं तोंड हलवलं आणि त्यातून मधमाशांचं मोहोळ उठल्यासारखी गुणगुण आली. मी मान डोलावली. मोहोळानं माझा हात हातात घेतला. घरी येईपर्यंत रस्ता, रिक्षा, माणसं, सगळीकडं ती एकच गुणगुण होती. गुरुवारी सवयीनं मोबाईल बघितला. काही आलं नव्हतं. ब्राझीलची ती बाई दुसऱ्या कोणाच्या तरी कानात गेली असणार. नाव-गाव माहीत नसलेल्या बाईची आठवण येऊन मला हुरहूर लागली, याचं मलाच नवल वाटलं.

सहा महिने मी रोज चार-चार तास तार छेडत बसलो. जेवायची वेळ झाली की हलीमा समोर येऊन ताट दाखवायची. सुरुवातीला सगळा चिखल होता. मग चिखलात एक रेघ दिसली, मग दोन. सातव्या महिन्यात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, मी शिसवाच्या नव्या घोडीवर तार टेकवली, खाली सुताचा दोरा सरकवला, छेडली, आणि सूर विझला नाही. दोन सेकंद झाले, चार झाले, आठ झाले. षड्जाच्या पोटातून गंधार आला. मी त्याला लावला नव्हता, तो आपसूक येतो, चांगल्या जवारीत येतोच. अकरा वर्षं आणि वर हे एक वर्ष मी त्याची वाट बघत होतो. एवढा आनंद मला निकाहाच्या दिवशीही झाला नव्हता.

आनंद झाला की माणूस कोणाला तरी हाक मारतो. मी "हलीमा!" म्हणून ओरडलो. ती ओले हात पुसत धावत आली. मी तार छेडली. तिनं ऐकलं आणि काहीतरी म्हणाली. चांगलं वाजतंय की, असं म्हणाली असेल. मी "हो, हो" म्हणालो. ती आत गेली.

मंजिरीताईंचा तंबोरा त्यांच्या घरी पोचला. ओवीनं पाटीवर लिहून दाखवलं, 'ताई म्हणाल्या, तुमच्या अब्बांच्या घोडीपेक्षा अर्धा घास कमी, पण तुमचीच.' खरं बोलल्या. मग तिनं ती ओळ पुसली आणि लिहिलं, 'मी पुढच्या महिन्यात चेन्नईला चालले. तिकडं मोठं काम मिळालंय. कान मी तिथून बघत जाईन.' मी पाटी घेतली आणि लिहिलं, 'सुखी राहा.' आणखी लिहायचं होतं, पण पाटी लहान होती.

काल दुपारची गोष्ट. मी सांगलीहून आलेला एक तंबोरा घेऊन बसलो होतो. मागं चटईची सरसर आली. म्हणजे हलीमा बसली. मी वळलो नाही. थोड्या वेळानं गुणगुण सुरू झाली.

शब्द एकही कळला नाही. पण या कानाचा एक गुण आहे, तो मला ओवीनंही सांगितला नव्हता. तिला तरी कुठं ठाऊक असणार? जवारी फक्त तारेलाच असते असं नाही. माणसाच्या आवाजालाही पोटात बारीक सूर असतात. आम्ही बंद जवारी आणि खुली जवारी म्हणतो. कोरड्या, आवळलेल्या सुराची जवारी बंद, भरून घुमणाऱ्याची खुली. हलीमाचा आवाज सुरुवातीला बंद होता. मग हळूहळू खुलत गेला. वरचे सूर एकेक करून बाहेर आले, आणि मला समजलं की लग्नापासून आजवर ही बाई माझ्याशी कधी या आवाजात बोललेली नाही.

ती बराच वेळ बोलली. मधेच एकदा तिच्या आवाजातले सगळे बारीक सूर एकदम गेले, तार घोडीवरून सुटल्यासारखे. ती रडत होती. पोरीचं बोलत असेल. आईचं असेल. माझं वंगाळही असेल. माझी मान वळायला निघाली होती. मी ती धरून ठेवली. वळलो असतो तर तिचे ओठ थांबले असते, अकरा वर्षं थांबायचे तसेच. आणि वळून मी करणार काय होतो? विचारणार होतो, काय म्हणालीस? आणि तिनं सांगितलं असतं, तर ते मला कळणार होतं थोडंच?

मी हळूच तार छेडत राहिलो, म्हातारा कामात आहे असं तिला वाटावं म्हणून. डोळ्यांतलं पाणी भोपळ्यावर पडत होतं, ते बाहीनं पुसत होतो. ताजं पॉलिश होतं, डाग पडला असता.

गुणगुण थांबली. चटई सरकली. मग खांद्यावर दोन टिचक्या पडल्या, वर्षभरानंतर. त्यांचा अर्थ मला पाठ आहे. जेवायला चला. तेवढंच मला कळलं.